बेटावरचा कापूस

राजदीप मला पहिल्यांदा भेटला तो दिग्रसहून यवतमाळला जाणाऱ्या एसटीत. मी खिडकीशी, तो शेजारी. दारव्हा मागे पडल्यावर तो हळूच म्हणाला, "तुमच्या केसात कापूस आहे."

मी हात लावला.

"तिकडे नाही... इकडे."

शेवटी त्यानेच तो काढला आणि दोन बोटांनी ओढून पाहू लागला. पुंजका मधोमध तुटला.

"असा नाही ओढत," मी म्हणाले.

माझे बाबा, धर्मपाल, दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर होते. कापसाची प्रत ठरवायचे. त्यामुळे मला ते लहानपणापासून येत होतं. चिमूट हलकेच ओढायची, सुटलेलं टाकायचं, उरलेलं जुळवून पुन्हा ओढायची... तंतू एका ओळीत आले की काळ्या मखमलीवर ठेवून लांबी पाहायची. यवतमाळ येईपर्यंत मी त्याला एवढं शिकवलं. तो राळेगावच्या शाळेत भूगोल शिकवत होता. मुलांना फळ्यावर बेटं काढून दाखवायचा, पण समुद्र त्याने पाहिलेला नव्हता.

"मग काय सांगता मुलांना?"

"चारही बाजूनं पाणी. त्याच्यापुढचं पोट्टे विचारत नाही, म्हणून नोकरी टिकून हाय."

कापसाचे भाव पडलेली ती वर्षं. बाबांच्या एका शब्दावर माणसाच्या वर्षभराच्या कष्टाची प्रत ठरायची, म्हणून ते प्रत्येक गाडीतला कापूस तीन-तीनदा ओढून पाहायचे. धर्मपालभाऊच्या रांगेत उभं राहायचं तर डबा घेऊन या, असं लोक चेष्टेनं म्हणायचे, आणि उभे त्याच रांगेत राहायचे.

राजदीप मला मागायला घरी आला, तेव्हा बाबा अंथरुणावर होते. त्यांनी काही न विचारता त्याच्या हातात कापसाची चिमूट दिली. ती तुटली.

"हात जड हाय," बाबा आईला म्हणाले. "पण घाई नाही पोराले."

एप्रिलमध्ये विहारात आमचं लग्न झालं. नवव्या दिवशी बाबा गेले. मी आईजवळ दिग्रसलाच थांबले. आधी पंधरा दिवस, मग महिना, मग मोजणं सुटलं. राजदीप दर शनिवारी एसटीने यायचा, रविवारी परत जायचा. घरी कधी येतेस, असं त्याने एकदाही विचारलं नाही. बाबांची मखमल खिळ्यावर तशीच टांगलेली होती. मी कापसाला हात लावला नाही.

डिसेंबरात त्याने रजा काढली, मित्राकडून पाठीवरच्या दोन सॅक उसन्या आणल्या आणि आईसमोर अंदमानचा नकाशा पसरला. आई नको म्हणेल असं मला वाटलं होतं. तिनेच माझी सॅक भरली.

चेन्नईहून जहाजात तीन दिवस. दुसऱ्या दिवशी भूगोलाचे सर बोट लागून, कठडा धरून पांढरेफटक पडले होते.

"सर, चारही बाजूनं पाणी," मी म्हणाले.

"दिसून राह्यलं मले," तो डोळे मिटूनच म्हणाला.

मग बेटामागून बेट. होडीतून उतरायचं, मिळेल ती खोली घ्यायची, शहाळं प्यायचं, ओल्या वाळूत चपला हातात घेऊन चालायचं. कधीकधी मी हसायचे आणि हसल्याबद्दल मनात चुकल्यासारखं व्हायचं... तेव्हा तो उगीच शंख शोधायला पुढे जायचा. लोक विचारायचे, घर कुठे? तो दरवेळी सांगायचा, "यवतमाळ जिल्हा." राळेगाव नाही, दिग्रसही नाही, अख्खा जिल्हा. मला काही बोलावं लागू नये म्हणून.

चोवीस तारखेला आम्ही तिसऱ्या बेटावर होतो. पत्र्याच्या छोट्या चर्चमध्ये येशूच्या जन्माचा, गव्हाणीचा देखावा मांडला होता, आणि चर्च सांभाळणाऱ्या दीदींनी घरातल्या उशा उसवून त्यावर बर्फ केला होता. कापसाचा. मी दारातच थबकले. दुपारी पावसाची सर आली, पत्रा गळला आणि त्या बर्फाचे करडे गोळे झाले. दीदी पदर तोंडाशी धरून बघत राहिल्या.

पुसायला टॉवेल हवा म्हणून मी सॅक उपसली. तळाशी, माझ्या हिवाळी शालीत गुंडाळलेली, बाबांची काळी मखमल होती.

बाबा गेल्यापासून ती जागची हलली नव्हती. आईने ती खिळ्यावरून काढली, घडी घातली आणि मला काही सांगितलं नाही. तिला जे सांगायचं होतं ते इतकंच होतं: आता ही तुझ्या घरी ने. मला ते कळायला समुद्र ओलांडावा लागला.

ऊन पडल्यावर आम्ही कापूस पिळून चटईवर वाळवला. मग मी खाली बसून एकेक गोळा बोटांनी मोकळा करू लागले. आठ महिन्यांनी. राजदीप समोर बसला. त्याने एक चिमूट घेतली, हलकेच ओढली, सुटलेलं टाकलं, जुळवली, पुन्हा ओढली. ती तुटली नाही. माझ्या मांडीवरच्या मखमलीवर त्याने ती ठेवली. तंतू सरळ, एका ओळीत.

"हे कधी जमलं?"

"बाबा म्हणाले होते ना, हात जड हाय. रोज संध्याकाळी हात बसवत होतो." त्याने दुसरी चिमूट उचलली. "घर रिकामंच होतं."

माझ्याने पुढची चिमूट ओढवेना. "मग घरी चल, असं मला म्हटलं काहून नाही?"

"तू नाही म्हणशील, याचं भेव नव्हतं मले," तो म्हणाला. "नुसतं माझं मन राखाले हो म्हणशील, याचं होतं."

मी मान खाली घालून कापूस पिंजत राहिले. मखमलीवर एक थेंब पडला. तो त्याने पाहिला. मग पुढचा गोळा माझ्याकडे सरकवला.

सकाळी नाताळची प्रार्थना झाली. गव्हाणीवर पुन्हा बर्फ होता, आदल्या दिवसापेक्षा हलका. दीदींनी आमच्या हातावर नारळाचा केक ठेवला आणि हिंदीत विचारलं, बेटी, घर कुठे तुमचं?

राजदीपने सवयीने तोंड उघडलं.

"राळेगाव," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघतच राहिला. दीदी पुढच्या माणसाकडे गेल्या, घंटा वाजू लागली, तरी बघतच होता.

"काय झालं, सर?"

"काही नाही... तुझ्या केसात कापूस आहे."

या वेळी मी हात लावला नाही. मान थोडी त्याच्याकडे झुकवली.