चार ओळींची दुरुस्ती

इस्पितळाच्या साठवण-यंत्रात एकशे बारा रुग्णांच्या स्कॅनच्या फाइली होत्या. प्रत्येकीचे नाव बरोबर, तारीख बरोबर, आकार बरोबर. आत मात्र केवळ शून्ये. आणि प्रत्येक फाइल लिहिताना डिस्कने ‘झाले’ असे उत्तर दिल्याची नोंद होती.

कर्नलच्या, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ आज्ञावलीच्या, जुन्या शाखेची ती राखणदार होती. नवा कर्नल इतरांनी वाढवावा. तिने जुना जपावा, दुरुस्त्या पारखाव्यात आणि नऊपैकी आठ परत पाठवाव्यात, असे तिचे काम. इस्पितळात हाच जुना कर्नल चाले. ती तळमजल्यावरच्या यंत्रखोलीत शिरली, तेव्हा एक उंच माणूस उपड्या खोक्यावर बसून, मांडीवरच्या डिस्ककडे तापाने फणफणलेल्या लेकराकडे पाहावे तसा पाहत होता.

“हात लावू नका. पुरावा आहे तो.”

“लावून झाला.” तो उठला, थबकला. “तुम्ही… पत्राच्या उत्तरात नुसतं ‘कारण?’ लिहिणाऱ्या, त्याच ना?”

डिस्कशी बोलणारा ड्रायव्हर, कर्नलचाच एक भाग, याने लिहिला होता. तीन वर्षे ती त्याचे काम परत पाठवत आली होती; भेट ही पहिलीच.

“मला वाटलं होतं, तुम्ही साठीच्या असाल,” तो म्हणाला.

“निराशा झाली?”

“तपास चालू आहे.”

ती हसली. “पण इथे कसे?”

“मावशी आहे वर, तिसऱ्या मजल्यावर. तिनेच वाढवलं मला.” त्याचा चेहरा उतरला. “एकशे बारांतली एक. दोन महिन्यांपूर्वीचा स्कॅन. तो हरवल्याचं कळून दुसरा होईपर्यंत सात आठवडे गेले. आता डॉक्टर तिच्याशी फार हळू आवाजात बोलतात.”

चार दिवस दोघांनी डिस्क मुद्दाम रखडवून पाहिल्या. केबल देताघेताना बोटे बोटांना लागत, आणि मग दोघेही पडद्याकडे गरजेपेक्षा अधिक लक्ष देऊन पाहत. जुन्या कर्नलवर साठपैकी साठ वेळा शून्ये आली. नव्यावर एकदाही नाही. तिने नव्यातल्या बदलांचा इतिहास उलगडला. चार महिन्यांपूर्वीच्या चार ओळी सापडल्या, त्याच्याच हातच्या. शीर्षक होते: ‘साफसफाई’.

साफसफाई, म्हणजे ओळींची नुसती आवराआवर, जुन्या शाखेत येत नाही; तिथे फक्त चुकांच्या दुरुस्त्या, नियमच तसा. तिनेही ते शीर्षक तेव्हा वाचले होते आणि ती पुढे गेली होती.

“हे तुम्ही आधीच दुरुस्त केलं होतं.”

“…हो.”

“कारण?”

“सहज दिसलं. वाटलं, प्रत्यक्षात कुणाला होणार आहे असं!” तो जमिनीकडे पाहत होता. “शुक्रवारी जुन्या शाखेची पुढची प्रत निघते. घ्या ना… साफसफाई म्हणूनच. चारच तर ओळी.”

“नाही. अशाच इतर जुन्या शाखा आणखी पाच जण सांभाळतात. साफसफाई म्हटलं की तेही माझ्यासारखेच पुढे जातील, आणि त्यांच्या यंत्रांवर हेच होत राहील. कारण लिहा, मगच घेईन.”

“लिहिलं तर ड्रायव्हर माझ्याकडे राहायचा नाही.”

“कदाचित.” तिने श्वास घेतला. “मला तुम्ही आवडता. हे आज सांगणार नव्हते… पण नकार रागातून आलाय, असं वाटायला नको. घेणार नाही म्हणजे नाही.”

त्याने पडदा बंद केला. मग म्हणाला, “वर चला माझ्याबरोबर.”

मावशी उशीला टेकून बसली होती. मनगट काडीसारखे, नजर मात्र शाबूत.

“ही कोण रे?”

“तीन वर्षं माझं काम परत पाठवतेय.”

“मग हिला सोडू नकोस बाबा. मी कधी तुझं काही परत केलं नाही, फार लाडावलास.”

तो पलंगाच्या कडेला बसला आणि चार ओळींचे सारे त्याने सांगितले, सात आठवड्यांचेही. मावशीने भिंतीकडे तोंड फिरवले. खाली रुग्णवाहिका आली, गेली.

“जगाला सांगितलंस?” तिने अखेर विचारले.

“नाही.”

“मग इथे काय बसलायस? ऊठ.”

जिन्यात तो थांबला. “तुम्हाला… तुला उत्तर द्यायचं राहिलं. मलाही. अगदी पहिल्या ‘कारण?’पासून.”

“आधी लिही,” ती म्हणाली. पण तिने त्याचा हात धरला, तो सोडला नाही.

गुरुवारी दुपारी त्याची नोंद सर्वांना गेली. तिने ती दोनदा वाचली, एकही शब्द न बदलता जुन्या शाखेत घेतली:

‘डिस्कने वेळेत उत्तर न दिल्यास ड्रायव्हर तिला नव्याने सुरू करतो. त्यात तिच्या तात्पुरत्या स्मृतीतील, अजून कायम न झालेला मजकूर पुसला जातो. त्यानंतर “सारे कायम कर” असा आदेश पुन्हा दिला, की कायम करण्यासारखे काही उरले नसल्याने डिस्क “झाले” म्हणते, आणि ड्रायव्हर ते खरे मानून वर कळवतो. आता तो चूक झाल्याचे कळवेल, म्हणजे मजकूर पुन्हा लिहिता येईल. सर्व जुन्या शाखांत घ्यावे. ही दुरुस्ती चार महिने आधी पोहोचली नाही, कारण मी तिला साफसफाई म्हटले. साफसफाई म्हटले, कारण मूळ चूक माझी होती आणि मला तिची लाज वाटली.’