आधी काळी वायर

"विचार करून कळवतो," असं म्हणून मुलाचे मामा उत्तमराव गाडीत बसले, आणि गाडी सुरूच झाली नाही.

मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात या वाक्यानंतर पाहुण्यांनी पाच मिनिटांत गल्लीबाहेर पडायचं असतं. त्यासाठीच तर ते वाक्य आहे. मामांनी चावी चार वेळा फिरवली. बॉनेटखालून टक्-टक्-टक् असा आवाज आला, मग तोही थांबला. मोताळ्यातल्या त्या गल्लीत पाहुणे, यजमान आणि शेजारी एकमेकांकडे बघत उभे राहिले.

कारण साधं होतं. दारात कार आली आहे हे गल्लीला कळावं, म्हणून मामांनी आल्याआल्या चारही इंडिकेटर लुकलुकते ठेवले होते. पोहे, चहा, प्रश्न, पुन्हा चहा... अडीच तास. पाच वर्षांच्या बॅटरीनं थंडीच्या दिवसांत एवढा मान राखला, आणि प्राण सोडला.

आता सगळ्यांनी मुलाकडे पाहिलं. संघर्ष मेकॅनिकल इंजिनिअर आहे, हे मामांनी अडीच तासांत अकरा वेळा सांगितलं होतं.

"पाहा बरं, साहेब," मुलीचे वडील जानराव अदबीनं म्हणाले.

संघर्षनं बॉनेट उघडलं. म्हणजे आधी ते उघडायची खिट्टी शोधली, त्यात तीन मिनिटं गेली. मग आत वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. शेवटी मान वर करून, शेजारच्या गच्चीवरच्या बायांनाही ऐकू जाईल असं तो म्हणाला, "मले यातलं काही समजत नाही. मी कम्प्युटरवर पंपाचे नकाशे काढतो."

"हळू बोल ना बे!" मामा कळवळले.

दारात उभ्या असलेल्या समतानं मान वर केली. अडीच तासांत पहिल्यांदाच.

तिचं असं होतं — याआधी तीन स्थळं परत गेली होती. पहिल्यांना मुलगी फार बोलते असं वाटलं. दुसऱ्यांना ती नांदुऱ्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते ते चाललं, पण रोज स्वतः कार चालवत जाते ते चाललं नाही. तिसऱ्यांच्या मुलानं विजेबद्दल काहीतरी चुकीचं सांगितलं होतं, आणि ते हिनं दुरुस्त केलं होतं. म्हणून या वेळी आईनं, मंजुळाबाईंनी, तिच्याकडून वचन घेतलं होतं. मान खाली, उत्तर 'हो' किंवा 'नाही'. बायोडेटात जानरावांनी लिहिलं होतं : गृहकृत्यदक्ष.

पण आपल्याला येत नाही हे चारचौघांत इतक्या सहज सांगणारा पुरुष समतानं पाहिला नव्हता. कॉलेजातही नाही. तिथं तर नाहीच.

"दुसऱ्या गाडीचा जम्पर लावू," मामा म्हणाले. "नाहीतर धक्का मारू." आणि विचाराला मदत म्हणून त्यांनी बॉनेटपाशी उभं राहून काडी पेटवली.

"विझवा ती!"

गल्ली चपापली. मामांच्या तोंडातली बिडी तशीच लोंबकळली. समता पायऱ्या उतरून गाडीपाशी आली होती.

"बॅटरीतून गॅस निघतो. भडकतो तो. अन् हे पाहा, दोन्ही बाजूंनी फुगली आहे. हिले जम्पर लावायचाच नाही. बदलावी लागते."

"समता..." मंजुळाबाई दारातून म्हणाल्या. त्या एका शब्दात चौथं स्थळ होतं.

समताला ते ऐकू आलं. गाडीत मागच्या सीटवर संघर्षची आई जनकाबाई बसल्या होत्या, आणि काच खाली करून सगळं पाहत होत्या. अजूनही मान खाली घालून आत जाता आलं असतं...

"नंबर वाचा," ती संघर्षला म्हणाली. "वरच्या स्टिकरवरचा."

त्यानं वाचला. तिनं बाजारातल्या बॅटरीवाल्या जब्बारभाईंना फोन लावला. "चाचा, याच मापाची पाहिजे. प्लस कोणत्या बाजूले आहे ते पाहून द्या, नाहीतर वायर पुरत नाही." बाजाराचा दिवस होता, कारागीर नव्हता. जब्बारभाईंनी बॅटरी ऑटोत बसवून पाठवली आणि फोनवर म्हणाले, "लावणारा कोणी आहे का बेटा?"

"आहे," समता म्हणाली.

तिनं चावी काढून घेतली, पदर खोचला, रबरी हातमोज्यांचे दोन जोड, पाना आणि प्रयोगशाळेतला चष्मा आणला. रेशमी साडीवर तो चष्मा चढल्यावर मंजुळाबाईंनी डोळे मिटून घेतले. मग समतानं हातातल्या चार सोन्याच्या बांगड्या आणि अंगठी काढली, आणि संघर्षच्या ओंजळीत ठेवली.

"मले... कायले?"

"धातू आहे. बॅटरीच्या दोन्ही टोकांना एकदम लागला, की हात भाजते. सांभाळा."

"सांभाळीन," तो म्हणाला. एवढ्याशा गोष्टीला लागतो त्यापेक्षा आवाज जरा गंभीरच झाला. बांगड्या अजून कोमट होत्या.

सगळं शर्टाच्या खिशात ठेवून, बटण लावून, त्यानंही हातमोजे चढवले. पाना उचलला आणि सरळ लाल वायरीकडे गेला.

"थांबा! आधी काळी."

"काऊन?"

"काळी गाडीच्या सगळ्या पत्र्याले जोडलेली असते. लाल खोलताना पाना पत्र्याले लागला, तर ठिणगी. काळी काढली की भेव नाही. मग लाल."

"अन् बसवताना?"

"उलटं. आधी लाल, शेवटी काळी."

"म्हणजे काळी जाते पहिली अन् येते शेवटी," तो हळूच म्हणाला. "आमचे मामा येतात पहिले अन् जातात शेवटी."

समता हसली. दाबायला गेली, पण ते चष्म्याखालून निसटलंच. अडीच तास तो पुस्तकातली मराठी बोलत होता आणि ती नुसतं 'हो' किंवा 'नाही'. बॉनेटखाली शिरल्यावर दोघांचंही ते कुठं गळून पडलं, कुणाला कळलं नाही.

काळी निघाली, मग लाल, मग बॅटरी आवळून धरणारी पट्टी सुटली. "उचलायचं काम मले येते," तो म्हणाला.

"कमरेतून नाही, गुडघ्यातून. अन् तिरपी करू नका, ॲसिड आहे."

त्यानं जुनी बॅटरी सरळ उचलून ऑटोत ठेवली. ती जब्बारभाईंकडेच परत जायची होती. वायरींच्या टोकांवर पांढरी बुरशीसारखी पूड जमली होती. समतानं मागितला नव्हता, पण मंजुळाबाई आतून खायचा सोडा आणि पाणी घेऊन आल्या, आणि कुणाकडे न बघता वाटी ठेवून गेल्या. ब्रश फिरला, पूड फसफसली. दोन डोकी त्यावर वाकली. तिच्या कपाळावर काळा डाग लागला होता. त्याचा हात नकळत वर गेला...

"अं-हं," ती म्हणाली. "हात धुतल्याशिवाय नाही."

"अन् धुतल्यावर?"

टोकं कोरडी करून तिनं नवी बॅटरी बसवली, पट्टी आवळली, लाल जोडली. मग पाना त्याच्या हातात दिला. "काळी तुम्ही लावा."

त्यानं लावली, आवळली. तिनं हलवून पाहिली. हलली नाही. दोन्ही टोकांना व्हॅसलिन लावून ती मागे सरली आणि चावी मामांना दिली.

गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

"कोणी लावली जी?" गच्चीवरून कुणीतरी विचारलं.

जानरावांनी मान वर केली. बायोडेटा त्यांनीच लिहिला होता. "आमच्या समतानं," ते म्हणाले, आणि ऐकू गेलं नसेल या शंकेनं दुसऱ्या गच्चीकडे वळून पुन्हा म्हणाले, "माह्या पोरीनं!"

संघर्षनं हात धुतले. खिशाचं बटण काढून आधी अंगठी, मग बांगड्या एकेक करून तिला परत दिल्या, आणि शेवटची देताना बोटं थोडी जास्त थांबली. मामांनी हॉर्न वाजवला. तेवढ्यात मागच्या काचेतून जनकाबाईंचा आवाज आला.

"पोरी, एक सांग. तुले सगळंच येते. मग माह्या पोराचं काम काय?"

मंजुळाबाईंनी दाराची चौकट धरली. संघर्ष काही बोलणार होता, पण प्रश्न त्याला नव्हता.

समतानं चष्मा डोक्यावर चढवला. हातात चार बांगड्या, कपाळावर काळा डाग.

"काम काहीच नाही, मावशी," ती म्हणाली. मान खाली गेली नाही. "मले आवडले ते."

संघर्षचे कान लाल झाले. "मले तर..." त्यानं सुरुवात केली. "मले तर पाना दिला तेव्हाच..."

"तू गप," जनकाबाई म्हणाल्या. दार उघडून त्या खाली उतरल्या आणि लुगड्याच्या पदरानं समताच्या कपाळावरचा डाग पुसला. मग भावाकडे वळल्या.

"उत्तम, गाडी बंद कर. आपण जेवून जाऊ."

"अवं, आत्ता कुठं सुरू झाली! पुन्हा बंद पडली तर?"

"पडू दे," जनकाबाई म्हणाल्या. "सून आहे."