वीस पेट्या आंबट सफरचंदं

परतीच्या पावसानं पुण्याहून निगडीकडे निघालेली बस खडकीतच गाठली. खिडक्या धडाधड बंद झाल्या आणि आत ओल्या छत्र्यांचा, माणसांचा, मोगऱ्याच्या कोमेजल्या गजऱ्यांचा वास दाटला. दापोडीच्या पुलाजवळ ड्रायव्हरनं असा काही ब्रेक मारला, की दांड्याला लोंबकळत उभ्या असलेल्या एका उंच तरुणाच्या हातातली कागदी पिशवी तळातून फाटली, आणि लालभडक सफरचंदं बसभर घरंगळत सुटली.

त्यातलं एक चित्राच्या चपलेला टेकून थांबलं. तिनं ते उचललं, पदरानं पुसलं आणि सवयीनं नाकाशी नेलं.

"घ्या. पण कच्चं खाऊ नका हं," ती म्हणाली.

"म्हणजे? सफरचंद काय शिजवून खातात?"

"हे शिजवूनच खावं. महाराजी जातीचं आहे हे. आंबट असतं."

"न चाखताच कळलं?" त्याच्या डोळ्यांत खट्याळ हसू होतं. कपाळावरून पावसाचं पाणी ओघळत होतं आणि दोन्ही हातांत सफरचंदं असल्यानं ते त्याला पुसताही येत नव्हतं.

"वासावरून कळतं. शिवाय हे जरा जास्तच लाल आहे... फार भपका दिसला की मला शंका येते." बोलता बोलता तिची नजर त्याच्या लाल चौकड्याच्या, लांब कॉलरच्या शर्टावर गेली, आणि आपण काय बोलून गेलो हे कळून तिनं जीभ चावली.

"असं?" तो म्हणाला आणि तिच्याकडे बघत त्यानं मोठा घास घेतला. क्षणभरात त्याचे डोळे मिटले, खांदे वर गेले, दात आंबून गेले. शेजारची बाई तोंडाला पदर लावून हसली. चित्राही हसली. पण त्यानं डोळे उघडले तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय झालं?"

"हा नुसता नमुना. उद्या अशा वीस पेट्या येतायत... मीच ऑर्डर दिलीय. खंडेनवमीला कामगारांना वाटायला. पिंपरीची गिअरची कंपनी आहे ना, तिथं."

चित्राचं हसू मावळलं. "अहो, ती वाटायचं काम माझ्याकडे आहे. मी तिथल्या कँटीनची सुपरवायझर!"

ते सत्याहत्तर साल होतं. गुरुदत्त शेणोलीकर कराडकडचा. परचेस खात्यात नुकताच लागला होता आणि अजून प्रोबेशनवर होता. चित्रा चिंचवड गावातली. गृहविज्ञान शिकलेली, वर फळं टिकवण्याचा कोर्स केलेली, आणि कँटीनमध्ये सुपरवायझर झालेली पहिलीच मुलगी. खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा होई, कामगारांची बायकामुलं नटूनथटून यायची. मागच्या वर्षी पेढे कमी पडले आणि पार गेटपर्यंत भांडण गेलं होतं. म्हणून पर्सोनेलच्या देवस्थळी साहेबांनी यंदा ठरवलं होतं, फळं वाटायची. चांगली काश्मिरी सफरचंदं!

दुसऱ्या दिवशी पेट्या उतरल्या. फळ्या उचकटल्या तशी वाळल्या गवताची आणि थंड डोंगरी फळांची घमघम कँटीनभर पसरली. दिसायला एकेक फळ असं, की चित्रात काढावं. युनियनचे भिमाजी तिथंच होते. त्यांनी एक उचललं, चावलं आणि शांतपणे परत पेटीत ठेवलं.

"साहेब, पोरांना हे देणार? त्यापरीस चिंचा वाटा की!"

देवस्थळी साहेबांनी गुरुदत्तकडे पाहिलं. "शेणोलीकर, पहिलंच काम... आणि हे?"

व्यापारी माल परत घ्यायला तयार नव्हता. खंडेनवमी चार दिवसांवर आली होती. गुरुदत्त मान खाली घालून उभा राहिला. त्यानं एकही सबब सांगितली नाही, की कुणावर ढकललं नाही. चित्राला त्याचं ते नुसतं उभं राहणं बघवेना.

"साहेब," ती म्हणाली, "ही वाटूच नका. मला शिजवू द्या. कैरीचा करतो तसा साखरांबा करू. आंबट फळाचाच तो चांगला होतो. सोबत गरम पुऱ्या."

"सातशे माणसं आहेत, बाई. शिवाय घरची."

"होईल."

हा शब्द तोंडातून गेला खरा, आणि लगेच ती बोटांवर साखरेची पोती मोजू लागली.

संध्याकाळी पहिली शिफ्ट सुटल्यावर गुरुदत्त कँटीनमध्ये आला. "मला शिकवा," तो म्हणाला. "पुन्हा बसमध्ये कुणी हसायला नको."

चित्रानं बाजारातून आणवलेली चार फळं चिरून बशीत मांडली. "डोळे मिटा."

"मिटले. आता काय, विष देताय?"

"तोंड उघडा... म्हणजे, बोलायला नाही." तिनं टूथपिकला फोड टोचून त्याच्या हातात दिली.

"गोड. नुसतंच गोड."

"डेलिशस. हे असंच खायचं. शिजवलं की चव जाते, जुनं झालं की पिठूळ लागतं. आता हे."

"हे... मऊ आहे. मधासारखं."

"गोल्डन. पिवळं असतं, साल पातळ. शिजवलं की विरघळून जातं. आजाऱ्याला, तान्ह्या बाळाला घोटून द्यावं. आणि हे?"

त्यानं फोड नाकाशी नेली, मग सावकाश चावली. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"याला वास आहे," तो हळूच म्हणाला. "चावायच्या आधीच वास येतो. कुरकुरीतही आहे."

"अंबरी. खास काश्मीरचं. कपाटात एक ठेवलं तरी कपड्यांना वास लागतो. याला विस्तव दाखवायचाच नाही."

चौथी फोड त्यानं न सांगता ओळखली. "महाराजी! पण आज तेवढं आंबट नाही लागत... आंबटामागून काहीतरी येतंय."

"तेच तर. साखर घातली की ते पुढं येतं."

त्यानं डोळे उघडले. चित्रा त्याच्याकडेच बघत होती. दोघांनी एकदमच बशीकडे हात नेला, आणि एकदमच मागे घेतला.

पहिला घाणा मात्र फसला. चित्रानं घाईत कँटीनची मोठी लोखंडी कढई चढवली. तासाभरात साखरांब्याचा रंग आधी तपकिरी, मग काळपट झाला. चव घेतली, तर लोखंड चाटल्यासारखी.

"ताई, ह्यो रंग कशानं आला वं?" चतुराबाईंनी विचारलं. त्या पिंपळे गुरवच्या, कँटीनमधल्या सगळ्यांत जुन्या.

"माझ्यामुळं!" चित्राच्या डोळ्यांत पाणी आलं. "आंबट फळ लोखंडात घालू नये, हे मला माहीत होतं. कोर्समध्ये मीच मुलींना सांगायचे..."

गुरुदत्तनं डाव तिच्या हातातून काढून घेतला. "मी वीस पेट्या चुकलो. तुम्ही एक कढई चुकलात. अजून मीच पुढं आहे."

तिला रडता रडता हसू आलं.

"लोखंडाबिगर भांडी पायजेत का?" चतुराबाई म्हणाल्या. "मग हायेत की! आमच्या गावची लगनाची पातेली. तांब्याची, आताच कल्हई केलेली. गुरवाकडं असत्यात. मागितली तर न्हाई म्हनायचा न्हाई त्यो."

कंपनीचा टेम्पो घेऊन गुरुदत्त आणि चतुराबाई निघाले. परत आले तेव्हा तो गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला होता. टेम्पो नदीकाठच्या रस्त्यात रुतला होता म्हणे. पण मागं पाच दांडगी पातेली आतून चांदीसारखी लखलखत होती.

दोन दिवस कँटीनमध्ये किसण्या थांबल्या नाहीत. कामगारांच्या बायका आपापल्या विळ्या घेऊन आल्या. सालं आणि गाभे चित्रानं टाकू दिले नाहीत. ते उकळून, गाळून पाणी पातेल्यात ओतलं, तसा पाक छान दाट धरला. वेलची पडली, थोडं केशर पडलं. खंडेनवमीला झेंडूच्या माळा घातलेल्या यंत्रांमधून तो सोनेरी-गुलाबी साखरांबा वाटला गेला, पुऱ्या फुगत राहिल्या, आणि पोरं बोटं चाटत पुन्हा रांगेत शिरली. भिमाजींनी द्रोण पुढं केला. "बाई, घरी म्हातारी हाय. तिच्यापुरता थोडा द्या."

देवस्थळी साहेबांनी गुरुदत्तच्या पाठीवर थाप मारली. "राहिलात तुम्ही नोकरीत, शेणोलीकर."

लांबून चित्रानं ते पाहिलं. गुरुदत्त गर्दीतून तिच्याकडे यायला निघाला, तेवढ्यात परचेसमधलं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "आता काय, गडी उद्याच गावी चालला. साताऱ्याची मुलगी बघायला!"

तो थबकला. काहीतरी बोलणार होता... पण चित्रानंच घाईनं म्हटलं, "अरे वा. जाताना अंबरी घेऊन जा. मुलींना आवडतं."

आणि ती पुऱ्यांकडे वळली.

तो आठवडाभर आला नाही. चित्रा कामावर येत होती, हजेरी घेत होती, भाजी निवडून घेत होती. चतुराबाई एकदा म्हणाल्या, "ताई, आमटीत मीठ दोनदा पडलं आज." दुपारी परचेसच्या खिडकीवरून जाताना ती मुद्दाम दुसरीकडे बघायची आणि ती रिकामी खुर्ची तरीही दिसायचीच.

सोमवारी पहिली शिफ्ट सुटत आली असताना तो कँटीनच्या दारात उभा होता.

"आलात?" तिनं विचारलं. हातातलं फडकं ती उगीचच पिळत होती. "मग... ठरलं?"

"नाही. मला नकार मिळाला."

"काय?"

"पद्मा नाव तिचं. हुशार मुलगी. वडिलांनी आम्हाला बोलायला अंगणात बसवलं. मी बोलत होतो. डेलिशस कसं ओळखायचं, महाराजी लोखंडात का घालू नये, सालं का टाकू नयेत..."

"तिला हे सांगितलंत?"

"दुसरं काही सुचतच नव्हतं! शेवटी ती हसली. म्हणाली, 'अहो, तुमच्या आवडीनिवडी मला अजून कळल्या नाहीत, पण चित्राबाईंचं नाव मात्र पाठ झालं. मी नकार कळवते. घरच्यांना तुम्ही काय सांगायचं ते तुम्ही बघा.'" तो थांबला. "मी आईला खरं ते सांगितलं. आई म्हणाली, आधी त्या मुलीला विचार, मग मला सांग."

छातीवर आठवडाभर ठेवलेला धोंडा कुणीतरी अलगद उचलला होता. चित्रानं पिळून पिळून कोरडं झालेलं फडकं टेबलावर ठेवलं.

"चित्रा..." त्यानं पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं. "विचारू?"

"विचारलंत की."

"मग... उत्तर?"

दुसऱ्या शिफ्टचा भोंगा झाला. बाहेर सायकलींच्या घंटा, माणसांचा कलकलाट. त्या गडबडीत ती म्हणाली, "रविवारी सकाळी बाबा घरी असतात. चिंचवडच्या देवळामागं घर आहे. या."

"येताना काय आणू?"

"काही नको. वेळेवर या."

तो हसत हसत पुढं न बघता जिन्याकडे गेला आणि बादलीला ठेचकाळला. चतुराबाई आतून खुसखुसल्या.

त्या संध्याकाळी चित्रा घरी आली, हातपाय धुतले आणि पाटावर बसली. आठवडाभर तिचा घास घशाखाली उतरत नव्हता. आई रोज कपाळाला हात लावून ताप बघत होती. आज तिनं वरणभात संपवला आणि ताट पुढं केलं.

"आई, आणखी वाढ ना."

आईनं भाताचा डाव तसाच हातात धरून तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. मग काही न विचारता भात वाढला, आणि वर तुपाची धार जरा जास्तच सोडली.