जोडमोहाच्या चढावर

वैष्णवी, तो मोबाइलचा उजेड बंद कर आन बस. विक्की, तूई बस. लाइन येईन तवा येईन. लांब लांब जाले सायकल घ्यून द्या म्हनता ना? मंग आंधी अश्वजितचं आयका. हे कुठून उडत आलेलं नाई सांगून राह्यलो. हा मानूस माह्या सायकलच्या दुकानात येत होता.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत फिटर होता तो. दोन हजार सतरा साल. बोंडअळीनं कापूस खाल्ला आन फवारणीनं मानसं दवाखान्यात भरली, तेच साल. डिसेंबरची सोळा तारीख, शनिवार. अमावस्या दोन दिवसांवर. सकाळीच दुकानात आला न म्हने, "सदाशिवकाका, मांगचं टायर बदलून द्या. आज दोनशे किलोमीटर हाय."

लोहारा ते मुकुटबन आन वापस. दुपारी दोनले निंगाचं, रात्री साडेतीनच्या आत लोहाऱ्यात याचं. एक मिनिट उशीर झाला तरी बाद. आन कायदा असा का आपल्याच पायानं याचं. कोनाची गाडी धरली, कोनी ढकललं, तरी बाद. सहा जनाचा गट होता, कपिल मास्तर त्याह्यचा म्होरक्या. अश्वजित याच्या आंधी दोनदा बाद झालता, दुसऱ्या खेपेले तर अकरा मिनिटानं. तवापासून पोरं त्याले 'अकरा मिनिट' म्हनूनच हाका मारत. तो हासून घ्याचा. पन मी टायर बसवत होतो ना, तवा त्याचं तोंड पाह्यलं मी. हासत नव्हता.

जाताना ठीक गेले. मुकुटबनले चहा घेतला, वापस फिरले. पांढरकवड्याच्या अलीकडं अश्वजितचं मांगचं चाक बसलं. पंक्चर काढलं. सात किलोमीटरवर पुन्हा बसलं. कपिल म्हने, "आमी हळूहळू निंगतो, तू ये."

हळूहळू कायचं! पाच लाल लाइट गेले न अंधारात बुडाले. तिसऱ्या पंक्चरले त्यानं पंप फेकून मारला. मंग मोबाइलच्या उजेडात काट्याकुट्यात तोच पंप शोधत बसला. मलेई शिव्या देल्या म्हने, टायरपायी.

जोडमोहा सोडलं तवा सव्वादोन वाजले होते. पुढं घाट. पायात काई उरलं नव्हतं. मीटरवर चाल दिसत होती, ताशी सात. या चालीनं पुन्हा बाद, हे त्याले बसल्या जागी समजलं. चार महिने पहाटे उठून तयारी केलती त्यानं. डोळ्यात पानी आलं रागानं.

तेवढ्यात पाठीले हात लागला.

कमरेच्या जरा वर. पूरा पंजा टेकला. आन सायकल हलकी झाली.

त्याले वाटलं, कपिल मागं फिरून आला. अजूनच भडकला. "आता आले का मास्तर? हात काढा! बाद करता का मले?"

हात तसाच.

मीटरवर नऊ. बारा. एकोनवीस.

"हात काढा म्हन्लं ना!"

...

मंग त्याच्या ध्यानात आलं. मांगून साखळीचा आवाज नाई. चाकाचा नाई. फक्त चपला. फट... फट... फट. पळत नव्हतं कोनी. चालत होतं. सावकाश. वावरातून मानूस घरी जातो तसं.

त्यानं पायडल मारनं सोडलं. मीटर एकोनवीसच. दोनी ब्रेक दाबले. रबर जळाचा वास आला. सायकल... थांबली नाई.

हँडलले आरसा होता. पाह्यलं. त्याचाच मांगचा लाइट लुकलुकत होता. रस्ता लाल होये. काळा होये. लाल होये.

रस्त्यावर... कोनीच नाई.

हात पाठीवर.

फवारणीच्या औषधाचा वास आला. नाकात बसला.

"कोन हाय?"

फट... फट...

वर सपाटी लागली. हातानं दोनदा थोपटलं. जू सोडल्यावर बैलाले थोपटते ना, तसं. आन... निंगून गेला.

तीन वाजून बारा मिनिटाले तो लोहाऱ्यात आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कपिलनं त्याच्या कार्डावर वेळेत आल्याचा शिक्का मारला.

अश्वजित म्हने, "मास्तर, माह्यं नाव काटा. घाटात मले ढकललं."

"कोनं?"

"मालूम नाई."

"पाचई जन इथंच हाओत लेका. थकला तू. घरी जा, झोप."

त्यानं ते कार्ड तिथंच फाडलं. पोरं पाहातच राह्यली.

दुसऱ्या दिवशी दुकानात आला. हातात त्याचं पिवळं जाकिट. म्हने, "बायकोनं दोनदा धुतलं. डाग निंगत नाई. रॉकेल हाय का?" मंग बसून सारं सांगतलं. भ्यालेला नव्हता, चिडलेला होता. "काका, मी आलो का मले आनलं? तेच समजत नाई. आता कितीई खेपा केल्या तरी हे फिटत नाई."

जाकिटाच्या पाठीवर निळसर पंजा होता. पाची बोटं. मी रॉकेलनं घासलं. फडक्यावर पिवळा रंग उतरला, पंजा नाई उतरला. मंग मी त्याले जाकिट घालाले लावलं. मांगं उभा राह्यलो. आपला हात त्या डागावर ठेवून पाह्यला.

बसेच ना.

डागाची बोटं खाली होती. रस्त्याकडं. मनगट वर. आन मनगटाच्या वर... हाताचा फिकट डाग तसाच वर गेलता. कॉलरपर्यंत. मांगून नाई, वरून आलता तो हात.