पाण्यावर आलेला तुकडा

त्या दिवशी वारा अगदी पडला होता. आभाळ भरून आलेलं, पण थेंब नाही. झाडाचं पान हलेल तर शपथ. काका तपासणीखान्याचा जिना चढले तेव्हा त्यांना धाप लागली होती आणि घामाने ओली कॉलर मानेला झोंबत होती. वय झालं की जिनेसुद्धा उंच होतात, असं स्वतःशीच म्हणत ते कामाला लागले.

काम नाजूक. रुग्णाच्या अंगातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला असे. त्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा, कोमट पाण्यावर तरंगवायचा आणि काचेवर अलगद उचलून घ्यायचा. काकांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. बघून बघून हात बसला होता. प्रत्येक काप उचलल्यावर पाण्यावरून कागदाची पट्टी फिरवायची, हा नियम. नाहीतर मागे राहिलेला कण पुढच्याच्या काचेवर चढतो आणि एकाचं दुखणं दुसऱ्याच्या माथी.

आज पहिलाच ठोकळा त्यांच्या बायकोचा होता. तिचे पाय सुजायचे, ते काही केल्या उतरत नव्हते. म्हणून पोटाच्या कातडीचा मसुराएवढा गोल तुकडा काढला होता. डॉक्टरीणबाईंनी काकांना आधीच समजावलं होतं. हा रोग असला तर हृदयात, मूत्रपिंडात, जिभेत, सगळीकडे मुरलेला असतो; पण शितावरून भाताची परीक्षा, चिमूटभर कातडी पुरते. तिला लाल रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपची खास काच फिरवायची. रोगाची जागा पोपटी चमकते. चमकली तर मग फारसा इलाज नाही.

दुपारी बाईंनी हाक मारली.

"काका, पट्टी फिरवायची राहिली का हो? इथे दोन काप आहेत."

काकांनी डोळा लावला. एक काप गोल, शांत, लालसर. दुसरा चौकोनी, एका कोपऱ्याने तुटका. तो अंधारात पोपटी पेटला होता.

दिवसातला पहिलाच काप, पाणी ताजं, मागचं राहायला मागे काही नव्हतंच, असं त्यांनी सांगितलं. बाईंनी ठोकळा हातात घेऊन पाहिला. आत एकच तुकडा होता, गोल.

मग नवं पातं लावलं, नवं पाणी भरलं. बाई शेजारी उभ्या राहिल्या. पाणी आरशासारखं रिकामं होतं. वितळल्या मेणाचा वास खोलीत साचला होता. काकांनी गोल काप सोडला. पापणी लवते न लवते तोच त्याच्या कडेला चौकोनी काप येऊन टेकला होता.

बाईंनी दोन्ही काप पुन्हा काचेवर घेऊन, रंग देऊन पाहिले.

"काकूंचा गोल," शेवटी बाई हळू म्हणाल्या. "तो स्वच्छ आहे. सुजेचं दुसरं कारण शोधू आपण."

काकांनी बाहीने डोळे पुसले. "आणि... हा?"

"कुणाचा, कोण जाणे. उन्हात रापलेली, म्हाताऱ्या माणसाची कातडी आहे. ज्याची असेल त्याचं हृदय यानं भरत आलं असणार..."

बिचारा, काका मनात म्हणाले. कुणाचा तरी नवरा असेल. घरी त्याची कुणी वाट बघत असेल. पण जिवावरचं ओझं उतरलं होतं, पाय घराकडे ओढत होते. बायकोला कधी एकदा सांगतो, असं झालं होतं.

घराचा जिना मात्र सरेना. मधेच कठड्याला धरून ते थांबले. मागून शेजारीण येत होती. ती दोन पायऱ्या खालीच उभी राहिली आणि त्यांच्या मानेकडे बघत म्हणाली, "काका, हलू नका जरा... हे काय लागलंय? रक्त नाही, काही नाही, चौकोनी कातडी निघालीय नुसती. एक कोपरा तेवढा राहिलाय."