कापूस दाबून धरताना

"ही येणार नाही हॉस्पिटलात... आत्ताच सांगून ठेवतो!"

थोरल्या लेकीकडे बोट दाखवून बाबा एवढंच बोलले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. थोरलीच्या हातात फ्रीजमधून काढलेल्या औषधाच्या बाटल्या होत्या, गार गार... आणि त्याहून गार पडलं तिचं काळीज!

बाबांना जन्मापासून हिमोफिलिया. रक्त लवकर गोठायचंच नाही. नुसता गुडघा आपटला तरी आतल्या आत टम्म सुजायचा. रक्त गोठवणारं जे द्रव्य रक्तात कमी, ते 'फॅक्टर' म्हणून बाहेरून शिरेत सोडावं लागायचं. आईचे हात थरथरायचे, म्हणून थोरली शाळेत असतानाच सुई टोचायला शिकली. बाबा घड्याळं दुरुस्त करत. डोळ्याला लावलेलं भिंग तसंच ठेवून ते हात पुढे करायचे, आणि सुई निघाली की ती त्यावर कापूस दाबून धरायची... किती वर्षं! दूरच्या शहरात शिकायला जायची वेळ आली तेव्हा धाकटा भाऊ गेला नि ही राहिली. कुणी तिला 'राहा' म्हणालं नव्हतं, पण 'जा' असंही कुणी म्हणालं नाही!

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक काटा होता. लहान असताना दाराआडून ऐकलेलं बाबांचं वाक्य... "आपल्याला मुलगी व्हायला नको होती गं."

नकोशी! हा शब्द ती कुणाजवळ बोलली नाही. पण आज, बाबांच्या हृदयाची नळी तुंबलेली असतानासुद्धा, तिला घरीच ठेवायचं?

"अहो, तिच्याशिवाय तुमची शीर तरी सापडते का कुणाला?" आई म्हणाली. "चल गं तू. यांचं काय ऐकायचं!"

वॉर्डात रक्ताच्या डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी जे सांगितलं, त्यानं सगळ्यांच्याच डोक्याचा भुगा झाला. आधी फॅक्टर देऊन रक्त नीट गोठेल असं करायचं, मग नळी उघडताना गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायचं औषध द्यायचं, आणि नंतर पुन्हा फॅक्टर!

"म्हणजे जन्मभर रक्त थांबावं म्हणून सुया, आणि आज थांबू नये म्हणून सुई?" आईनं कपाळाला हात लावला. "या माणसाचं मेलं काही म्हणून सरळ नाही!"

डॉक्टरीणबाईंना हसू आलं. "खरंय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत आहे. औषध जास्त झालं तर रक्त थांबणार नाही, कमी पडलं तर गुठळी. आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो, ही नेहमीची तपासणी यांच्या बाबतीत फसवते. उशीर आजारामुळे की औषधामुळे, ते कळतच नाही."

"मुळातच मागे चालणारं घड्याळ," बाबा पुटपुटले. "त्यावरून वेळ कशी सांगणार?"

"अगदी बरोबर! म्हणून आम्ही रक्तातलं औषधच थेट मोजणार, आणि फॅक्टर वेगळं." मग त्या थोरलीकडे वळल्या. "आणि तुमचं फॅक्टर किती आहे?"

"माझं?" थोरली गोंधळली. "पण हा तर... पुरुषांचा आजार ना?"

"तिला काही विचारू नका!" बाबा ओरडले. छातीवर हात गेला त्यांचा.

पण बाण सुटला होता. "वडिलांना असला की त्यांच्याकडून मुलाला येत नाही, मुलीच्या रक्तात मात्र तो दोष उतरतोच," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "काही मुलींचं फॅक्टरही कमी असतं. दाढ काढल्यावर, महिन्याच्या त्या दिवसांत... जास्त रक्त जातं का तुमचं?"

जायचं! दंडावरचे काळेनिळे डाग ती लांब बाह्यांखाली लपवायची, बाबांना उगाच काळजी नको म्हणून...

तिनं वळून बघितलं. बाबांची मान खाली. आणि तेवढ्यात स्ट्रेचर आलं, चाकं कुरकुरली, नि ते दाराआड गेलेसुद्धा!

बाकावर बसलेल्या थोरलीच्या मनाचा नुसता चोथा झाला होता. रागवावं? रडावं? ते म्हणाले होते 'मुलगी नको'... ती मी नको म्हणून, की मला हे मिळायला नको म्हणून? आणि आत काही बरंवाईट झालं तर विचारायचं कुणाला? उभ्या आयुष्यात तिला एवढी भीती वाटली नव्हती. बाबा जातील ही, आणि उत्तर न देता जातील ही!

"आई, तुला माहीत होतं?"

आईनं पदर तोंडाला लावला. "त्यांनी शपथ घातली होती गं..."

दार उघडलं. नळी मोकळी झाली होती. बाबांच्या मनगटावर, जिथून तार आत घातली होती तिथं, घट्ट पट्टा होता, चेहरा पांढराफटक, पण डोळे उघडे. थोरली धावली... आणि ठरवलेलं सगळं विसरून एकच बोलली, "मला वाटायचं मी नकोशी आहे! इतकी वर्षं, बाबा!"

बाबांनी तिच्याकडे मान वळवली. "नकोशी? अगं, धाकट्याला माझ्यातलं काही मिळालं नाही म्हणून तो सुटला. तुझ्या वाट्याला माझं रक्त आलं... तू माझ्या हातावर कापूस धरायचीस, आणि मी कुठल्या तोंडानं सांगणार होतो? आज तर आत जायलाही घाबरलो नाही मी. तुला कोणीतरी सांगेल, याला घाबरलो!"

"सांगितलं असतं तर मी रागावले असते, आणि तरी धरलाच असता कापूस!" ती हुंदके देत म्हणाली. "एवढंही ओळखलं नाहीत मला?"

डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या पलंगाशेजारीच तिला बसवलं आणि तपासणीसाठी तिचं रक्त घेतलं. सुई निघाली तशी थोरली सवयीनं कापूस घ्यायला गेली... पण बाबांनी आपला मोकळा हात आधीच पुढे केला होता. घड्याळातले केसाएवढे भाग न हलता धरणारी ती बोटं, कापूस मात्र नुसता घासत होती.

"घासू नका, बाबा. नुसतं दाबून धरा."

"असं?"

"अजून थोडं जोरात."

बऱ्याच वेळानं आई म्हणाली, "अहो, सोडा आता. थांबलंय रक्त केव्हाच!"

"राहू दे गं," बाबा म्हणाले, आणि बोटं तशीच ठेवली.