भिंतीपलीकडचा हात

मे महिना लागला, की मुरेलचा घाट दोन्ही बाजूंनी उकरायला घेतात. उत्तरेकडून गुडेंचची टोळी, दक्षिणेकडून ओरेस्तेची. मधे हिवाळाभर साचलेला बर्फ, कुठे दोन पुरुष उंच, कुठे तर विजेच्या खांबांच्याही डोक्यावरून गेलेला. उत्तरेचं यंत्र तुमाश चालवायचा. पुढची फिरती पाती बर्फ चघळत जायची आणि वरच्या नळीतून तो दरीत भिरकावला जायचा. पण यंत्राला डोळे नसतात. रस्ता कुठे संपतो आणि दरी कुठे सुरू होते, हे सांगायला त्याच्यापुढे एक माणूस लांब सळई खुपसत चालतो. खाली माती असली तर सळई मुकाट रुतते, डांबर असलं तर मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. गुडेंचचा विश्वास त्या झिणझिण्यांवर होता. चर्चमध्ये तो लग्नाला आणि मयतीला तेवढा जायचा.

सळईचं काम खरं तर आळीपाळीनं करायचं. त्या वर्षी मात्र गुडेंचनं ती कुणाच्या हाती दिली नाही. अंगात ताप होता तेव्हाही नाही, आणि कुणी मागितलीही नाही. आदल्या वर्षी एक रानबकरी बर्फाखाली मरून पडली होती. ती कुणाला दिसली नाही, पात्यांना सापडली, आणि नळीतून लाल बर्फ उडाला. तुमाशनं त्या दिवशी जेवण टाकलं होतं. आणि या वर्षी त्याच बर्फात कुठेतरी गुडेंचचा मुलगा होता.

त्याचं नाव फाद्री. वय पंचविशीच्या आतलं, पाय सायकलवर घडलेले. आजूबाजूच्या सगळ्या खिंडी त्यानं पालथ्या घातल्या होत्या. आमच्याकडच्या सायकलवाल्या पोरांना एक खोड आहे. शरद ऋतू सरताना घाटाचं फाटक बंद होतं, मोटारी थांबतात, पण बर्फ यायला अजून थोडे दिवस असतात. त्या दिवसांत पोरं फाटकाखालून सायकल सरकवतात आणि रिकाम्या घाटाचे राजे होतात. बाहेरचा पाहुणा असं करणार नाही. त्याच्या लेखी फाटक म्हणजे फाटक. आपल्या माणसाला वाटतं, घाट आपल्या ओळखीचा आहे, तो आपलं काय वाकडं करणार!

"पलीकडे मावशीकडे जेवतो आणि उद्या येतो," असं आईला सांगून फाद्री निघाला होता. दुपारून वारा फिरला. अंधार पडल्यावर मावशीचाच फोन आला, पोरगं निघालं तरी का, म्हणून. मग कुत्री आली, हेलिकॉप्टर आलं. त्यानंतर वरून बर्फाची दरड कोसळली, पाठोपाठ दुसरी, आणि शोध थांबला.

आई मेंगिया. तिनं रडायचं ते हिवाळ्यातच रडून घेतलं. आता ती रोज सकाळी डब्यात जवाचं गरम सूप भरायची, झाकण घट्ट लावायची आणि एवढंच म्हणायची, "जिवंत आण म्हणत नाही मी. अख्खा आण."

गुडेंच मान हलवायचा. दुसरं काय करणार?

दोन टोळ्यांच्या भेटीची एक जुनी रीत आहे. शेवटी मधे बर्फाची पातळ भिंत उरते. यंत्रं बंद करतात, फावड्यानं भिंतीला भोक पाडतात, आणि तोंड दिसायच्या आधी त्या भोकातून उघडा हात पुढे करतात. हातमोजा घालायचा नाही, आधी बोलायचं नाही. ज्यांचा हात आधी आला ते जिंकले, आणि हरलेल्यांनी सगळ्यांना जेवू घालायचं. ओरेस्तेची टोळी सलग तीन वर्षं हरली होती. त्यामुळे वॉकीटॉकीवर रोज टोमणे चालायचे. त्या वर्षी ते कमी झाले होते. तुमाश एखादा टाकायचा, मग गुडेंचकडे बघून गप्प व्हायचा.

त्या दिवशी ऊन होतं. टोळीतले बाकीचे खालच्या वळणावर दरडीचे दगड उचलत होते. वर कड्याखालच्या वळणावर गुडेंच आणि तुमाश, दोघंच होते. जेवायला म्हणून तुमाशनं यंत्र बंद केलं, आणि त्या शांततेत समोरच्या भिंतीतून खरवडल्याचा आवाज आला.

"फावडं," तुमाश म्हणाला. "अरे, हे लोक इतक्यात पोचले?"

त्यानं वॉकीटॉकी उचलला. "काय रे ओरेस्ते, उडत आलास की काय?"

"माझ्या जखमेवर मीठ चोळू नकोस," पलीकडून आवाज आला. "आमचं यंत्र कालपासून मेलंय. मी खालच्या बोगद्यात बसून पाव खातोय."

तुमाश हसला. "थापा मारतो. या वर्षी फुकट जेवायचंय त्याला."

गुडेंचनं सळई भिंतीत आडवी खुपसली. ती हातभर गेली आणि थांबली. दगडाला लागून थांबते तशी नाही. कुणीतरी दुसरं टोक अलगद धरावं तशी. त्यानं ती ओढून काढली. टोकाला बर्फ चिकटलेला नव्हता. टोक कोरडं होतं.

खरवडणं थांबलं. त्याच्या जागी दुसरा आवाज सुरू झाला, बारीक, एकसारखा, टिकटिक टिकटिक. पायडल न मारता सायकल उतारावर सोडली, की मागचं चाक असं वाजतं.

"पाणी ठिबकतंय," तुमाश म्हणाला. त्याच्या हातातला पाव हातातच होता. "उन्हाचं."

"असेल," गुडेंच म्हणाला.

आवाज भिंतीमागून हळूहळू जवळ आला आणि त्यांच्या छातीच्या उंचीवर थांबला. तिथला बर्फ आधी करडा झाला, मग ओला झाला, मग आत खचला. मुठीएवढं भोक पडलं. त्यातून एक उघडा हात बाहेर आला.

"बघ! बघ लबाड कुठला!" तुमाश वॉकीटॉकीतच ओरडला. त्याला केवढं हायसं वाटलं होतं! "म्हणे बोगद्यात बसलोय! घे गुडेंच, घे हात. हरलो आपण."

गुडेंचनं मोजा काढून हात पुढे केला.

तो हात गरम होता. बर्फ उकरणाऱ्या माणसाचा हात इतका गरम नसतो. त्यानं गुडेंचचा हात धरला, ओढला नाही, हलवला नाही. नुसता धरून ठेवला.

"कोण?" गुडेंचनं विचारलं. रीत मोडून विचारलं.

बोटं आणखी घट्ट झाली. मग सैल झाली, आणि हात आत गेला.

वॉकीटॉकी खरखरला. "तुमाश," ओरेस्ते म्हणत होता, "मघाशी ओरडलास कशाला? काय झालं?"

तुमाशचा चेहरा पांढराफटक पडला होता.

गुडेंचनं भोकात खांद्यापर्यंत हात घातला. आत पोकळी नव्हती. चारी बाजूंनी कडक बर्फ होता, हिवाळ्यात बसलेला, कुणी न हलवलेला.

"यंत्राला हात लावू नकोस," तो म्हणाला. "फावडं दे."

"गुडेंच, मी म्हणतो खालून माणसं बोलावू..."

"फावडं दे, तुमाश!"

दोघांनी फावड्यांनी उकरलं. शेवटी शेवटी गुडेंचनं फावडंही टाकलं आणि बोटांनीच बर्फ बाजूला केला.

आधी चाक दिसलं. मग फाद्री.

कड्याला पाठ टेकून बसला होता. गुडघे पोटाशी, दोन्ही हात काखेत, बापानं लहानपणी शिकवलं होतं तसे. हातांत मोजे होते. अंगावर कुठे ओरखडाही नव्हता. अख्खा होता.

गुडेंच त्याच्याजवळ बसला. पोराचं अंग लाकूड झालं होतं. दंड हलेना, मान हलेना. फक्त उजवा हात काखेतून सहज निघाला. गुडेंचनं त्याचा मोजा ओढून काढला, आणि तुमाशकडे वर बघितलं.

"मेंगियाला घेऊन ये," तो म्हणाला. "असशील तसा पळ. हा हात गरम आहे अजून."

तुमाश जीप घेऊन सुटला. गुडेंच दोन्ही तळव्यांत तो हात धरून बसून राहिला. फुंकर घातली, छातीशी धरला, सदऱ्याच्या आत पोटाला लावला. आयुष्यात कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं त्यानं. त्या वेळी मागितलं. पोर परत दे असं नाही. ती येईपर्यंत एवढा राहू दे, इतकंच.

मेंगिया स्वयंपाकघरातल्या एप्रनवरच आली. गुडेंचनं तो हात तिच्या हातात दिला.

"अगंबाई," ती म्हणाली. "किती गरम आहे."

ती बर्फात बसली. बाहेरून खेळून आलेल्या मुलाचा चोळावा तसा तिनं तो हात चोळला. त्याच्याशी बोलली. मावशी कशी वाट बघत बसली होती, त्याची खोली कशी तशीच ठेवलीय, असलंच काहीबाही. तुमाश तोंड फिरवून दरीकडे बघत उभा होता आणि रडत होता.

ऊन कड्याआड गेलं, तेव्हा ती थांबली.

"गेला," ती म्हणाली. हिवाळाभर हा शब्द तिच्या तोंडातून निघाला नव्हता.

फाद्रीला चर्चमागे पुरलं. गावातलं झाडून सगळं माणूस आलं होतं. तुमाशनं घडलेलं कुणाला सांगितलं नाही, आणि गुडेंचलाही त्याबद्दल विचारलं नाही. मेंगियाला त्या रात्री झोप लागली, कित्येक महिन्यांनी. गुडेंच दोन दिवस घरी बसला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेला. आता सळई तो कुणालाही द्यायचा.

पुढच्या आठवड्यात ओरेस्तेची टोळी खरोखरच पोचली. भिंत पातळ झाली, यंत्रं बंद झाली. पलीकडची माणसं हसत होती, खोकत होती, दबक्या आवाजात भांडत होती. एवढा जिवंत गलका ऐकून तुमाशच्या जिवात जीव आला. यंदा दुःखाच्या घराला जिंकू द्यायचं, असं ओरेस्तेनं आपल्या माणसांना बजावलं असावं, कारण त्यांनी भोक पाडलं तरी हात काही पुढे केला नाही.

"जा," तुमाश गुडेंचला म्हणाला. "तूच दे."

गुडेंचनं मोजा काढला आणि हात भोकात घातला. पलीकडून ओरेस्तेनं तो धरला, दणकून हलवला, आणि थांबला.

"अरे, मोजा तरी काढ," तो हसत म्हणाला. "बर्फानं भरलाय तुझा."

गुडेंचनं खाली बघितलं. मोजा त्याच्या डाव्या हातात होता.

पलीकडे ओरेस्तेची बोटं त्याच्या उघड्या, बर्फासारख्या गार तळव्यावरून, मग मनगटावरून, चाचपत गेली. हसू थांबलं. मागचा गलकाही थांबला. मग ओरेस्तेनं आपला हात झटकन मागे घेतला.

"कोण आहे?" तो भिंतीपलीकडून म्हणाला. "पलीकडे कोण आहे?"